तिसऱ्या मात्रेचे दायित्व

२०११ च्या जनगणनेने रत्नागिरी जिल्ह्यासंबंधी एक वस्तुस्थिती नोंदवून ठेवली आहे. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लक्ष ९६ हजार ७७७ होती. दहा वर्षांनी ती १६ लक्ष १५ हजार ६९ वर आली. अवघा देश वाढत असताना हा जिल्हा आकसला. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या दोन आकड्यांचा अर्थ कोकणी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. कर्ता पुरुष मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात आणि गावच्या घरात आजी, सून व पाळण्यातले मूल, असे हे चित्र आहे. जेथे माणसे कमी होत चालली आहेत, तेथे हलणाऱ्या प्रत्येक पाळण्याचे मोल अधिक. आणि नेमक्या या पाळण्यालाच ग्रासणारा एक आजार असा आहे की, त्यात निर्णय दिवसांत नव्हे तर तासांत घ्यावा लागतो. अशा वेळी निर्णय घेणारा माणूस मात्र दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

हा आजार घडवणाऱ्या जंतूचे नाव न्यूमोकोकस. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे तो प्रथम वेगळा केला. या जंतूचे वैशिष्ट्य असे की, तो बाहेरून चाल करून येणारा परका नव्हे. निरोगी मुलांच्या नाका-घशात तो बऱ्याचदा वस्तीलाच असतो. अंगणवाडीतून आलेला थोरला भाऊ शिंकतो, खोकतो, धाकट्याचा पापा घेतो आणि जंतू एका नाकातून दुसऱ्या नाकात जातो. बहुतेक वेळा एवढ्यावरच प्रकरण संपते. फार तर सर्दी होते किंवा कान फुटतो. परंतु काही मुलांत हा जंतू आपली मर्यादा ओलांडतो. तो फुफ्फुसात उतरतो, रक्तात शिरतो, तर कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. रक्त किंवा मेंदूभोवतीचे पाणी अशा एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागी त्याने शिरकाव केला की, वैद्यकशास्त्र त्यास आक्रमक संसर्ग म्हणते. दोन वर्षांच्या आतील मूल, अपुऱ्या दिवसांचे किंवा कुपोषित मूल, सिकलसेलसारखा रक्तदोष घेऊन जन्मलेले मूल यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

एवढा घातक शत्रू असूनही त्याचे नाव आपल्या घराघरांत का माहीत नाही? कारण तो स्वतःच्या नावाने क्वचितच ओळखला जातो. त्याला निश्चित ओळखायचे तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी बालकाचे रक्त किंवा पाठीच्या कण्यातील पाणी काढून त्याचे संवर्धन करावे लागते. तालुक्याच्या गावी हे सहसा घडत नाही. जेथे घडते, तेथेही मूल पोहोचेपर्यंत त्याला औषधाचे दोन-चार डोस मिळालेले असतात आणि मग प्रयोगशाळेत जंतू वाढत नाही. परिणामी कागदावर कधी ‘ताप’, कधी ‘न्यूमोनिया’, तर कधी ‘मेंदूज्वर’ एवढीच नोंद होते आणि खरा अपराधी नामानिराळा राहतो. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी. जागतिक पातळीवरील संशोधकांनी २०१८ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, एकट्या २०१५ या वर्षात भारतातील पाच वर्षांखालील सुमारे ६८ हजार ७०० बालके या एका जंतूने नेली. जगातील कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा होता. एखाद्या रेल्वे अपघाताने देश हळहळतो, ते योग्यच आहे. पण घराघरांत विखुरलेल्या या मृत्यूंसाठी मथळा कोण देणार?

शिवाय मृत्यूची नोंद निदान होते. मागे उरणाऱ्या व्यंगाची तीही होत नाही. या मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांची श्रवणशक्ती जाते, काहींना फिट्स येऊ लागतात, काहींची वाढ खुंटते. बोलायला उशीर का होतो आहे, म्हणून दोन वर्षांनी आईवडील तपासणीला जातात, तेव्हा पाळण्यात असताना आलेल्या ‘त्या तापा’शी त्याचा संबंध कोणी जोडतोच असे नाही.

प्रतिजैविके आहेत, मग भय कशाचे, असा प्रश्न कोणी विचारील. पेनिसिलीनच्या आगमनानंतर जगानेही हाच प्रश्न विचारला होता आणि न्यूमोनियाचा निकाल लागला असे गृहीत धरले होते. या समजाला १९६४ साली अमेरिकेतील रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि जेरोम गोल्ड यांनी धक्का दिला. रक्तात जंतू शिरलेल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले की, आजाराच्या पहिल्या काही दिवसांत होणारे मृत्यू पेनिसिलीन देऊनही फारसे टळत नाहीत. अमेरिकेच्या महानगरातील रुग्णालयात ही स्थिती, तर आपल्याकडे काय? सड्यावरच्या किंवा खाडीपलीकडच्या वाडीतून मूल आधी उपकेंद्रात, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग रत्नागिरीच्या शासकीय रुग्णालयात वा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात न्यायचे. तेथूनही पुढे पाठवावे लागले, तर आंबा घाट ओलांडून कोल्हापूर नाही तर कुंभार्ली ओलांडून कराड गाठायचे. आषाढातल्या रात्री हा प्रवास कसा होतो, हे कोकणवासीयांनी अनुभवले आहे. औषध उत्तम असले तरी ते वेळेवर पोहोचले तरच उपयोगाचे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हा व्यवहार येथे अक्षरशः लागू पडतो. या आजारावरची खरी विहीर म्हणजे लस.

ही विहीर खणायला विज्ञानाला शंभर वर्षे लागली. १९११ साली आल्मरोथ राइट यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतील मजुरांवर न्यूमोकोकसच्या लसीचा पहिला मोठा प्रयोग केला. पुढे ऑस्ट्रियन यांच्या चिकाटीमुळे १९७७ साली चौदा आणि १९८३ साली तेवीस प्रकारांविरुद्धची लस आली. परंतु ती मोठ्यांच्या उपयोगाची होती. न्यूमोकोकसभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे एक गुळगुळीत कवच असते आणि दोन वर्षांखालील बालकाच्या प्रतिकारशक्तीला हे कवच नीट ओळखताच येत नाही. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमके तेच उघडे राहिले. यावर तोड निघाली ती अशी : कवचातील शर्करेला एका निरुपद्रवी प्रथिनाची जोड द्यायची. प्रथिन दिसताच बाळाची प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्याच्यासोबतची शर्कराही लक्षात ठेवते. अशी संयुग्म लस २००० साली अमेरिकेत बालकांना देण्यास आरंभ झाला. लस घेणाऱ्या मुलांमधील आक्रमक संसर्ग तर कमी झालाच. पण लस न घेतलेल्या वृद्धांमधील आजारही घटला, कारण नातवंडांच्या नाकातून होणारा प्रसार थांबला. आजी आणि नातू एका छताखाली राहतात अशा आपल्या घरांसाठी या अनुभवाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

त्या पहिल्या लसीत जंतूचे सात प्रकार होते. न्यूमोकोकसचे शंभराच्या आसपास प्रकार ज्ञात आहेत; त्यांतील हे सात निवडले गेले ते प्रामुख्याने अमेरिकी बालकांत काय आढळते हे पाहून. भारतातील बालकांत आणि प्रौढांत उपद्रव करणारे प्रकार कोणते, याचा शोध आपल्या देशातील रुग्णालयांनी एकत्र येऊन घेतला होता आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांत प्रकार १ ठळकपणे पुढे आला होता. प्रकार ५ ही महत्त्वाच्या प्रकारांत होता. सात प्रकारांच्या त्या लसीत हे दोन्ही नव्हते. शिवाय किंमत अशी की, शहरातील सुस्थित कुटुंबानेही विचार करावा. तेव्हा ‘ही परदेशी महागडी लस आमच्या माथी का?’ अशी शंका त्या काळात अनेक विचारी डॉक्टरांनी उपस्थित केली होती. ती शंका अज्ञानातून आलेली नव्हती. परंतु शंकेचे समाधान झाल्यावरही शंका उराशी बाळगणे, हा विचार नव्हे, हट्ट होय.

समाधान दोन अंगांनी झाले. पुढच्या पिढीच्या लसींत १ आणि ५ हे प्रकार समाविष्ट झाले. तशी तेरा प्रकारांची लस २०१७ च्या मे महिन्यापासून हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेश व बिहारचा काही भाग येथे शासकीय कार्यक्रमातून देण्यात येऊ लागली. दुसरे समाधान आपल्या पुण्याने केले. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने, पाथ ही संस्था आणि गेट्स प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने, सुमारे दशकभर खपून दहा प्रकारांची ‘न्यूमोसिल’ ही लस सिद्ध केली. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २८ डिसेंबर २०२० रोजी तिचे भारतात लोकार्पण झाले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत उपद्रव करणारे प्रकार समोर ठेवून तिची रचना केलेली आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या भारतीय बनावटीच्या लसीचा उल्लेख करून, तोवर पाच राज्यांपुरती मर्यादित असलेली ही लस देशभर देण्यात येईल व त्यामुळे वर्षाकाठी ५० हजारांहून अधिक बालमृत्यू टळतील, असे सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात ती दाखल झाली. स्वदेशी म्हणजे केवळ कारखाना कोठे आहे हा प्रश्न नव्हे; वस्तू घडवताना डोळ्यांसमोर कोणाचे मूल होते, हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या या लसीने त्याचे उत्तर दिले.

ज्या लसीच्या एकेका मात्रेसाठी खाजगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजावे लागतात, तीच आज गावच्या लसीकरण सत्रात विनामूल्य मिळते. श्रीमंताच्या आणि कष्टकऱ्याच्या पाळण्यातील एक मोठे अंतर शासनाने मिटवले आहे. आता अंतर उरले आहे ते आपल्या आळसाचे आणि विस्मरणाचे.

ही लस तीन वेळा द्यावयाची असते : बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर, चौदा आठवड्यांचे झाल्यावर आणि नऊ महिने पूर्ण होताच. पहिल्या दोन मात्रा प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देतात. तिसरी ती ओळख पक्की करते. कोकणातील अडचण या तिसऱ्या मात्रेपाशी आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची लस संगमेश्वर, लांजा किंवा राजापूर तालुक्यातल्या उपकेंद्रात टोचली जाते. मग बारसे, पाठवणी उरकून ती बाळासह विरार, दिवा वा नालासोपाऱ्याला सासरी जाते. लसीची नोंद असलेले माता-बाल संरक्षण पत्रक माहेरच्या कपाटात राहते. गावची आशाताई म्हणते, ‘मूल गेले’. शहरातील आशाताईला ते आल्याचे ठाऊकच नसते. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी प्रामाणिक असूनही मूल मधल्या पोकळीत पडते. दोष कोणा एकाचा नाही. पण परिणाम त्या एका जिवाला भोगावा लागतो.

याच्या उलट दिशेचे स्थलांतरही आहे. आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबे, चिरेखाणींवर दगड काढणारे कर्नाटकातील मजूर, बंदरांतील नौकांवरचे परप्रांतीय खलाशी आणि डोंगरउतारावरील कातकरी बांधव यांचीही मुले याच मातीवर रांगतात. मतदारयादीत नाव नाही म्हणून जंतू त्यांना वगळत नाही. मानवतेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी ज्या वाडीत काही मुले उघडी राहतात त्या वाडीत जंतूचा तळ कायम राहतो, हे व्यवहारज्ञान तरी आपण ठेवलेच पाहिजे.

लसीविषयीच्या शंकांनाही सरळ उत्तर द्यायला हवे. एकाच दिवशी बाळाला दोन-तीन सुया टोचतात, हे आजीला पाहवत नाही. तिची माया समजण्यासारखी आहे. पण या लसी एकाच वेळी देणे सुरक्षित आहे, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. मांडीला थोडी सूज, एखाद-दोन दिवस ताप व किरकिर हे अपेक्षित परिणाम होत. ही लस सर्व प्रकारच्या न्यूमोनियापासून वाचवते, असाही दावा कोणी करू नये. विषाणूंमुळे व अन्य जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया तिच्या कक्षेबाहेर आहे आणि लसीत नसलेले न्यूमोकोकसचे प्रकारही उरतातच. अतिशयोक्तीने प्रचार साधतो, विश्वास मात्र जातो. सर्वांत घातक प्रकारांपैकी अनेकांपुढे ती भक्कम भिंत उभी करते, एवढे सत्य पुरेसे आहे. एखादे मूल उशिरा आले तरी दार बंद होत नाही. पहिल्या वाढदिवसापूर्वी एक मात्रा मिळाली असेल तर उरलेल्या मात्रा किमान आठ आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करता येतात.

भिंतीच्या आतली व्यवस्था मात्र घरानेच पाहायची आहे. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, हे आपल्या परंपरेचे आणि आधुनिक शास्त्राचे एकमताने दिलेले संरक्षण आहे. धुराचे तसे नाही. चुलीचा धूर कोंडलेल्या खोलीत बाळंतिणीची खाट टाकणे आणि आंघोळीनंतर बाळाला धुरी देणे या प्रथा मायेपोटीच आल्या. पण चिमुकल्या फुफ्फुसांना धूर हा धूरच असतो. तो वावडिंगाचा की लाकडाचा, हे त्यांना कळत नाही. शेक ऊब देतो, धूर मात्र श्वास हिरावतो. परंपरेतील सत्त्व जपणे आणि अपायकारक ते नम्रपणे बाजूला ठेवणे, हीच आपली खरी परंपरा आहे.

आणि तरीही आजार झालाच तर? येथे महाराष्ट्रानेच जगाला दिलेला एक धडा आठवावा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावातीलच आरोग्यसेवक, सुईणी यांना बालकाचा न्यूमोनिया ओळखण्याचे आणि साध्या प्रतिजैविकाने त्याचा उपचार करण्याचे शिक्षण दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जग चकित झाले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. ज्यांना अंक मोजता येत नाहीत अशा सुईणींसाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. मोठी इमारत नव्हती, यंत्रे नव्हती. पण श्वास मोजणारे डोळे गावातच होते.

हे मोजमाप प्रत्येक आईला आणि आजीला यायला हवे. बाळ शांत असताना त्याचे पोट उघडे करून घड्याळाच्या पूर्ण एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते पाहावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनियाचा इशारा समजावा व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोट उडते आहे, छातीचा खालचा भाग आत ओढला जातो आहे, मूल अंगावर पीत नाही, ग्लानीत आहे किंवा त्याला झटके येत आहेत, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी मुंबईच्या फोनची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरातील स्त्रियांना हा अधिकार आधीच, निःसंदिग्ध शब्दांत देऊन ठेवणे, हे प्रत्येक चाकरमान्याचे कर्तव्य आहे.

शासनाकडूनही अपेक्षा आहेत. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठी उपलब्धी होय. गंभीर तापाने आलेल्या बालकाचे रक्त औषधापूर्वी तपासणीस घेणे, त्यातील जंतूचा प्रकार ओळखणे आणि त्याचा हिशेब दरवर्षी जनतेसमोर ठेवणे, हे काम या महाविद्यालयाने आणि डेरवणच्या रुग्णालयाने मिळून हाती घ्यावे. लसीचा परिणाम होतो आहे काय, लसीबाहेरचे प्रकार डोके वर काढत आहेत काय, हे त्यातूनच कळेल. २०१९ पासून केंद्र सरकारची ‘सांस’ मोहीम हिवाळ्यात न्यूमोनियाविरोधात राबवली जाते. कोकणात तिला पावसाळ्याचीही जोड मिळावी.

परंतु सर्व काही शासनाने करावे, ही वृत्ती समाजाला पांगळी करते. आपल्या कार्यकर्त्यांना वाडीवाडीतील उंबरठे परिचित आहेत. हे भांडवल थोडे नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वाडीतील वर्षाच्या आतील मुलांची एक साधी यादी करावी. नऊ महिने पूर्ण होण्याची तारीख तीत लिहावी आणि ती आशाताईंच्या यादीशी ताडून पाहावी. माहेरवाशीण परत निघेल तेव्हा ओटीसोबत लसीचे पत्रक तिच्या हाती द्यावे, त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीत घ्यायला लावावे आणि ती जेथे जाणार तेथील आपल्या परिचिताला कळवावे. मुंबई-ठाण्यातील कोकणी मंडळांनी हे सूत्र दुसऱ्या टोकाला धरावे. बागेतल्या आणि खाणीवरच्या मुलांना सत्राच्या दिवशी आपल्या वाहनातून घेऊन यावे. यासाठी निधी लागत नाही, मंडप लागत नाही, भाषण तर मुळीच लागत नाही.

सेवाकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महापूर, भूकंप, मदतीचे ट्रक येतात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तेव्हा चिखल उपसायला शेकडो हात धावून आले, हे आपण पाहिले. आपत्तीत धावणे हे समाजाच्या जिवंतपणाचे लक्षण खरेच. पण जी आपत्ती पाण्यासारखी दिसत नाही, जी एका वेळी एकाच घरात शिरते, तिच्यासाठी तारीख लक्षात ठेवून, न बोलावता दार ठोठावणे हे अधिक कठीण व्रत आहे. त्या सेवेचे छायाचित्र निघत नाही. तिचे फळ म्हणजे एक न घडलेली घटना : आषाढातल्या रात्री घाट न चढलेली रुग्णवाहिका आणि आपल्या अंगणात बोबडे बोलत फिरणारे मूल. माणसे कमी होत चाललेल्या या जिल्ह्याला याहून मोठे देणे दुसरे कोणते असू शकेल?